एका सर्व्हरवर अनेक यंत्रे : ती सांभाळणारी सेवा कशी चालवावी?

नंदुरबार जिल्ह्याचा व्यापार हा सीमेवरचा व्यापार आहे. पथारीवर वाळलेली मिरची परराज्यात जाते, कापड सुरतेहून येते, आणि नवापूरसारख्या गावात तर गिऱ्हाईक कोणत्या राज्यातले हे बिल करताना विचारावे लागते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजार रुपयांवरील मालासाठी ई-वे बिल आवश्यक झाले. तेव्हापासून पेढीवरचा कॉम्प्युटर ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. मालाने भरलेला ट्रक दारात उभा आहे आणि बिल निघत नाही, असा प्रसंग ज्याच्यावर आला त्याला हे वेगळे सांगावयास नको.

धंदा वाढला की कॉम्प्युटरही वाढतात. हिशेबाला एक, गोदामाच्या नोंदीला एक, जुन्या छपाईच्या किंवा एम्ब्रॉयडरीच्या सॉफ्टवेअरसाठी एक. मग कोणीतरी जाणकार येतो आणि सांगतो, "शेठ, तीन मशीन कशाला? एक दणकट सर्व्हर घ्या, त्याच्यातच तीन मशीन करून देतो." हा सल्ला चुकीचा नाही. मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती आज याच पद्धतीने काम करतात. मात्र तीन यंत्रांचे काम एकावर आले म्हणजे तिघांची जोखीमही एकावरच येते. ती जोखीम सांभाळणारा एक छोटा कार्यक्रम त्या सर्व्हरवर पडद्यामागे सतत हजर असतो. त्याची व्यवस्था नीट लावली आहे की नाही, यावर पेढीचे कामकाज अवलंबून राहते. हा कार्यक्रम काय करतो आणि मालकाने त्याबाबत काय विचारावे, हे आजच्या लेखात पाहू.

आभासी यंत्र म्हणजे काय?

एका मोठ्या गोदामात भिंती घालून तीन गाळे काढावेत, प्रत्येकाला वेगळे शटर आणि वेगळे कुलूप असावे, तसाच हा प्रकार आहे. जमीन एक, छप्पर एक, विजेचे मीटर एक. पण एका गाळ्यातला माल दुसऱ्यात जात नाही. एका सर्व्हरची मेमरी, डिस्क आणि प्रोसेसर यांचे वाटे पाडून प्रत्येक वाट्यात स्वतंत्र विंडोज किंवा लिनक्स बसवतात. त्या प्रत्येक वाट्याला आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतल्या सॉफ्टवेअरला आपण एका स्वतंत्र कॉम्प्युटरवर चालत आहोत असेच वाटते.

कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली आपल्या मोठ्या संगणकांसाठी जाहीर केली होती. साध्या कॉम्प्युटरवर ही सोय खऱ्या अर्थाने आली ती इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आपल्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास व्यवस्था दिल्यानंतर. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्समध्ये केव्हीएम नावाचा भाग समाविष्ट झाला आणि विनामूल्य लिनक्सवरही आभासी यंत्रे चांगल्या वेगाने चालू लागली.

आपल्या जिल्ह्याचा अशा दूरच्या सर्व्हरांशी संबंध जुना आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातील टेंभली गावी देण्यात आले. गाव आपले, पण आधारची माहिती साठवणारी केंद्रे बंगळूर आणि मानेसर येथे. २०१४ साली केंद्र सरकारने मेघराज नावाने सरकारी खात्यांसाठी सामायिक सर्व्हरांची सोय सुरू केली. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपली केंद्रे उघडली. भाड्याने सर्व्हर देणारी अशी केंद्रे मुख्यतः आभासी यंत्रेच विकतात. तेच तंत्र आता पेढीच्या माळ्यावर ठेवलेल्या एका डब्यात चालू शकते.

पडद्यामागची सेवा

गाळे काढले की कोणीतरी राखणदार लागतो. कोणते शटर उघडायचे, कोणते बंद करायचे, कोणाला किती जागा दिली आहे, पाण्याची आणि विजेची जोडणी कोठून आहे, हे सारे त्याला ठाऊक असते. लिनक्स सर्व्हरवर हे काम बहुधा लिबव्हर्ट नावाचा संच करतो. त्याचे काम २००५ साली सुरू झाले. त्याची सतत हजर असणारी सेवा म्हणजे लिबव्हर्ट-डी. नावातला शेवटचा 'डी' हा 'डीमन' या शब्दाचा आहे.

हे नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. सैतानाशी त्याचा संबंध नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत काम करणाऱ्यांनी भौतिकशास्त्रातील मॅक्सवेलच्या काल्पनिक कामकऱ्यावरून हा शब्द घेतला. न दिसता, न थकता आपले काम करीत राहणारा, एवढाच त्याचा अर्थ.

नव्या लिनक्समध्ये या एका सेवेची अनेक लहान सेवांत वाटणी केली आहे. यंत्रे चालविणारी एक, जाळ्याची जोडणी पाहणारी दुसरी, डिस्कची जागा पाहणारी तिसरी, अशी ती रचना आहे. रेड हॅटच्या २०२२ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीत ही वाटणी मुळातच असते. तेव्हा तुमच्या सर्व्हरवर लिबव्हर्ट-डी या नावाची सेवा चालू दिसली नाही, तर आधी कोणती रचना आहे हे बसवणाऱ्याला विचारावे. शिवाय काही ठिकाणी ही सेवा काम नसेल तेव्हा स्वतःच झोपते आणि कोणी हाक मारली की उठते. ती निष्क्रिय दिसली म्हणजे बिघाड झालाच, असे समजू नये.

आता एक महत्त्वाचा प्रश्न. ही सेवा बंद पडली तर आतली यंत्रे बंद पडतात का? उत्तर आहे, नाही. राखणदार चहाला गेला म्हणून उघडी दुकाने बंद होत नाहीत. प्रत्येक आभासी यंत्र हा सर्व्हरवरचा वेगळा कार्यक्रम असतो. सेवा थांबली किंवा पुन्हा सुरू केली तरी चालू यंत्रे चालूच राहतात आणि सेवा परत आली की त्यांची नोंद पुन्हा घेते. सेवा नसताना अडते ते एवढेच की नवे यंत्र सुरू करता येत नाही आणि चालू यंत्रांवर हुकूम चालत नाही. म्हणून पडद्यावर 'जोडता आले नाही' असा संदेश दिसताच घाबरून सर्व्हरचे बटण दाबून बंद करणे, हा सर्वांत वाईट उपाय आहे. त्याने चालू असलेले हिशेबाचे काम मध्येच तुटते. आधी फक्त ती सेवा पुन्हा सुरू करून पाहावी.

वीज आली, पण बिल का निघत नाही?

पावसाळ्यात रात्री वीज जाते, पहाटे येते. सकाळी मुनीम येतो तेव्हा सर्व्हरचा दिवा लागलेला असतो, पण हिशेबाचे यंत्र सापडत नाही. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. वीज आल्यावर काम सुरू होण्यासाठी एकापाठोपाठ चार गोष्टी आपोआप घडाव्या लागतात आणि त्यांतील एखादी जोडायची राहून गेलेली असते.

पहिली गोष्ट म्हणजे वीज परत येताच सर्व्हरने स्वतः चालू होणे. ही सूचना लिनक्समध्ये नसते, ती सर्व्हरच्या बायोसमध्ये असते. दुसरी, लिनक्स सुरू होताच लिबव्हर्टची सेवा सुरू होणे. त्यासाठी सेवा नुसती 'चालू' करून भागत नाही, ती 'कायम चालू राहील' अशी नोंदवावी लागते. हे दोन वेगळे हुकूम आहेत. पहिला आजच्यापुरता असतो, दुसरा प्रत्येक सुरुवातीसाठी असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे यंत्रांना जोडणारे आभासी जाळे आपोआप उभे राहणे. जाळे नसेल तर त्यावर अवलंबून असलेले यंत्र सुरू होण्यास नकार देते. चौथी, प्रत्येक यंत्रावर 'आपोआप सुरू हो' अशी खूण असणे. नवे यंत्र तयार करताना ही खूण बहुधा नसते, ती मुद्दाम करावी लागते. सेवा ठणठणीत चालू आहे आणि यंत्र मात्र बंद, असे दिसले की ही चौथी गोष्ट प्रथम तपासावी.

जाळ्याचा आणखी एक घोटाळा नेहमी होतो. लिबव्हर्टचे मूळचे जाळे एकतर्फी असते. आतल्या यंत्राला इंटरनेट मिळते, पण बाहेरच्या काउंटरवरील कॉम्प्युटरला आतले यंत्र दिसत नाही. दुकानातील सर्व काउंटरांनी त्या यंत्रावर बिल करायचे असेल तर 'ब्रिज' पद्धतीची जोडणी करून घ्यावी. ती वायफायवर सहसा जमत नाही, म्हणून सर्व्हर तारेनेच जोडावा.

वीज जाताना काय व्हावे?

उठण्यापेक्षा निजणे अवघड आहे. यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. पण यूपीएसची बॅटरी काही मिनिटांची असते. ती संपली की तीनही यंत्रे एकदम तुटतात. एका यंत्राच्या जागी तीन यंत्रांचे नुकसान.

यासाठी दोन जोडण्या हव्यात. यूपीएसची यूएसबी तार सर्व्हरला जोडलेली असावी आणि बॅटरी कमी झाल्याचा निरोप घेऊन सर्व्हर स्वतः बंद होईल, असा कार्यक्रम बसवलेला असावा. तारेशिवाय यूपीएस मुका असतो. दुसरी जोडणी म्हणजे लिबव्हर्ट-गेस्ट्स नावाची सोबतची सेवा. सर्व्हर बंद होऊ लागला की ही सेवा आतल्या यंत्रांना आधी बंद करते किंवा जसेच्या तसे गोठवून ठेवते. काही लिनक्समध्ये ती आपोआप चालू नसते, ती वेगळी नोंदवावी लागते.

बंद करणे आणि गोठवणे यांत फरक आहे. गोठवताना यंत्राच्या मेमरीतील सारे डिस्कवर लिहावे लागते. समजा तीन यंत्रांची मिळून १६ जीबी मेमरी आहे आणि साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहिते. तर त्या कामालाच अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागेल. शिवाय गोठवलेले यंत्र दुसऱ्या दिवशी उठले की त्याचे घड्याळ कालच्या वेळेवर राहू शकते आणि बिलावर चुकीची तारीख पडू शकते. हिशेबाच्या यंत्रासाठी रीतसर बंद करणे हाच मार्ग बरा.

बंद करताना वेळेचा हिशेब करावा. सेवा प्रत्येक यंत्रासाठी किती वेळ थांबेल ही मर्यादा ठरवता येते. समजा ती पाच मिनिटे आहे आणि यंत्रे एकामागून एक बंद होतात. तीन यंत्रांना जास्तीत जास्त १५ मिनिटे लागतील. तुमचा यूपीएस जर दहा मिनिटेच टिकत असेल तर हिशेब जुळत नाही. मग यंत्रे एकाच वेळी बंद होतील अशी सूचना द्यावी किंवा मर्यादा कमी करावी. विंडोज कधीकधी 'फाइल जतन करायची का?' असे विचारत अडून बसते. त्यासाठी आतल्या विंडोजमध्ये 'गेस्ट एजंट' नावाचा छोटा कार्यक्रम बसवावा म्हणजे बंद होण्याचा हुकूम नीट पोहोचतो.

किल्ली कोणाकडे?

राखणदाराकडे सर्व गाळ्यांच्या किल्ल्या असतात, म्हणून त्याला हुकूम देऊ शकणारा माणूस सर्वांचा मालक ठरतो. लिबव्हर्टमध्ये एक गट असतो. त्या गटात ज्याचे नाव आहे तो यंत्रे चालू-बंद करू शकतो. पुष्कळांना वाटते की हा मर्यादित अधिकार आहे. प्रत्यक्षात तसे नाही. असा माणूस मूळ सर्व्हरची डिस्क एखाद्या आभासी यंत्राला जोडून त्यातले काहीही वाचू शकतो आणि बदलू शकतो. म्हणजे त्या गटातील नाव हे सर्व्हरच्या पूर्ण मालकीच्या बरोबरीचे आहे.

सर्व्हर बसवून देणारा मुलगा काम झाल्यावर दुसरीकडे नोकरीस जातो आणि त्याचे नाव त्या गटात तसेच राहते. यात त्याचा हेतू वाईट असेलच असे नाही. पण गोदामाची किल्ली आपण जशी परत घेतो तशीच ही घ्यावी. गटात कोणाची नावे आहेत याची यादी वर्षातून दोनदा तरी कागदावर काढून पाहावी. मालकाचा स्वतःचा एक पासवर्ड पाकिटात बंद करून तिजोरीत असावा.

दुसरा धोका दूरच्या जोडणीचा. लिबव्हर्टची सेवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही हुकूम घेऊ शकते. त्यासाठी १६५०९ क्रमांकाचे दार उघडले, तर तेथून जाणारे बोलणे गुप्त राहत नाही. हे दार उघडूच नये. दुरून काम करायचे असेल तर एसएसएच या कुलूपबंद मार्गानेच करावे. सुरतेला बसून दुरुस्ती करता यावी म्हणून कोणी सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवण्याचा आग्रह धरला, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा.

मेमरी आणि डिस्क : उधारीचे गणित

आभासी यंत्रांना खऱ्या जागेपेक्षा जास्त जागा 'कागदावर' देता येते. ३२ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर १६, १२ आणि ८ अशी ३६ जीबी वाटता येते, आणि तिन्ही यंत्रे पूर्ण मागत नाहीत तोवर सर्व सुरळीत चालते. ज्या दिवशी तिन्ही एकदम मागतील त्या दिवशी लिनक्स जागा मोकळी करण्यासाठी एखादा मोठा कार्यक्रम ठार करते, आणि सर्वांत मोठा कार्यक्रम बहुधा तुमचे हिशेबाचे यंत्रच असते. मिरचीच्या हंगामात सर्व काउंटर चालू असताना हे घडावे, यासारखे नुकसान नाही. म्हणून वाटलेली एकूण मेमरी खऱ्या मेमरीपेक्षा कमी ठेवावी आणि निदान चार जीबी मूळ सर्व्हरसाठी राखावी.

डिस्कचेही तसेच. यंत्राची डिस्क ही सर्व्हरवरची एक फाइल असते. ती सुरुवातीस लहान असते आणि भरत जाते. तीन यंत्रांच्या फाइली फुगत जाऊन एके दिवशी सर्व्हरची खरी डिस्क भरते. तेव्हा यंत्र बंद पडत नाही, ते जागच्या जागी थबकते. यादीत ते 'थांबलेले' दिसते. अशा वेळी यंत्र जबरदस्तीने बंद करू नये. सर्व्हरवरील अनावश्यक फाइली काढून जागा करावी आणि यंत्राला 'पुढे चल' असा हुकूम द्यावा. बहुतेक वेळा ते होते तेथूनच काम चालू करते.

खानदेशचा उन्हाळाही विसरू नये. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला सर्व्हर मे महिन्यात तापतो, मंदावतो आणि शेवटी बंद पडतो. हवा खेळती असलेली, धुळीपासून आणि मिरचीच्या खकाण्यापासून दूर अशी जागा द्यावी. खकाणा पंख्यात बसतो.

प्रत म्हणजे काय, आणि काय नव्हे

'स्नॅपशॉट घेतला आहे' असे कोणी सांगितले की मालक निश्चिंत होतो. स्नॅपशॉट म्हणजे यंत्राची त्या क्षणाची खूण. सॉफ्टवेअर बदलताना ती उपयोगी पडते, कारण बिघडले तर मागे जाता येते. पण ती त्याच डिस्कवर असते. डिस्क जळाली तर खूणही जळाली. तिला प्रत म्हणता येणार नाही.

प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या इमारतीत असावी. दुकानात एक, घरी एक. ती डिस्क सतत जोडून ठेवू नये, कारण फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या डिस्कवरही पोहोचतात. चालू यंत्राची फाइल तशीच उचलून ठेवली तर ती अर्धवट निघू शकते. यंत्र रीतसर बंद करून प्रत घ्यावी किंवा लिबव्हर्टमधील त्यासाठीची सोय वापरावी. डिस्कच्या फाइलीबरोबर यंत्राचे वर्णनपत्रही जपावे. यंत्राला किती मेमरी, कोणते जाळे, कोणती डिस्क, हे सारे त्या छोट्या फाइलीत लिहिलेले असते. ते नसेल तर नव्या सर्व्हरवर यंत्र उभे करताना अंदाजाने काम करावे लागते.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. नोंदी कॉम्प्युटरवर असतील तर त्यांची योग्य प्रत ठेवावी आणि अपघात किंवा नैसर्गिक कारणाने त्या नष्ट झाल्यास वाजवी वेळेत परत आणता याव्यात, असेही नियमांत म्हटले आहे. 'डिस्क जळाली' हे उत्तर अधिकाऱ्याला पुरत नाही. त्याखेरीज उधारीची वही असतेच. गिऱ्हाइकाने किती दिले आणि किती राहिले, हे दोघांच्या विश्वासाचे प्रकरण आहे. वही हरवली तर पैसा बुडतो आणि संबंधही बिघडतात. कर सल्लागाराच्या कार्यालयात तर शंभर जणांचे हिशेब अमानत म्हणून ठेवलेले असतात. त्याची जबाबदारी शंभरपट.

कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये

एक कॉम्प्युटर आणि एक बिल-प्रिंटर यांवर ज्याचे दुकान चालते त्याने या भानगडीत पडू नये. त्याला एक चांगला यूपीएस आणि दोन ठिकाणी ठेवलेली प्रत पुरे. तीन-चार काउंटरांची पेढी, कर सल्लागार, छापखाना, संगणक प्रशिक्षण वर्ग अशांना आभासी यंत्रांचा खरा उपयोग आहे.

कारागिरांना एक वेगळा फायदा आहे. एम्ब्रॉयडरी, लेबल छपाई किंवा काच कटाईची जुनी सॉफ्टवेअरे नव्या विंडोजवर चालत नाहीत. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुनी विंडोज आभासी यंत्रात ठेवावी, तिला इंटरनेट देऊ नये आणि सॉफ्टवेअरची यूएसबी किल्ली त्या यंत्राला जोडून द्यावी, म्हणजे जुने डिझाइन आणि जुने मशीन आणखी काही वर्षे कामास येते. मात्र आभासी यंत्रातील विंडोजलाही रीतसर परवाना लागतो, हे ध्यानात ठेवावे. लिनक्स, केव्हीएम आणि लिबव्हर्ट यांना परवाना शुल्क नाही. व्हीएमवेअर ही या क्षेत्रातील जुनी कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली आणि तिचे परवाने वार्षिक वर्गणीवर गेले. तेव्हापासून अनेक संस्था विनामूल्य पर्यायांकडे वळू लागल्या आहेत.

पुण्या-मुंबईच्या केंद्रातील यंत्र भाड्याने घेणे हाही एक मार्ग आहे. तेथे वीज, डिस्क आणि पंखे यांची चिंता आपल्याला राहत नाही, पण इंटरनेट खात्रीचे हवे. अक्कलकुवा आणि धडगावकडच्या सातपुड्याच्या पट्ट्यात नेटवर्क रुसले तर हिशेब समोर असून दिसणार नाही. ज्याच्या गावी रेंजचा भरवसा नाही त्याने यंत्र आपल्याच छपराखाली ठेवलेले बरे.

येथे आपल्या तरुणांना एक वाट आहे. मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारी मुले प्रत्येक गावात आहेत. सर्व्हर बसवणे एका दिवसाचे काम, पण त्याची देखरेख बारा महिन्यांची असते आणि धंद्याला नियमित उत्पन्न देखरेखीतूनच मिळते. हे शिकण्यास महागडा सर्व्हर लागत नाही. आठ जीबी मेमरीच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दोन लहान यंत्रे करून पाहता येतात. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद असेल तर ती आधी चालू करावी.

मालकाने काय करावे?

सर्व्हर बसवून घेणाऱ्या मालकाला प्रत्येक हुकूम येण्याची गरज नाही. त्याने एक वही करावी. तीत कोणते यंत्र कशासाठी, किती मेमरी, कोणाच्या नावे अधिकार, प्रत कोठे, आणि बिघडल्यास पहिली तीन पावले कोणती, हे मराठीत लिहून घ्यावे. सर्व माहिती एकाच मुलाच्या डोक्यात असेल, तर तो आजारी पडला त्या दिवशी पेढीही आजारी पडते. ई-वे बिलासाठी मोबाइलवरून थेट सरकारी संकेतस्थळावर जाण्याची सवय मुनिमाला करून द्यावी, म्हणजे सर्व्हर बंद असला तरी ट्रक अडकणार नाही.

पैसे चुकते करण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. सुट्टीच्या दिवशी, प्रत घेऊन झाल्यावर, बसवणाऱ्याच्या समक्ष यूपीएसची मुख्य वीज बंद करावी आणि कोणीही हात लावू नये. बॅटरी उतरत असताना तिन्ही यंत्रे रीतसर बंद झाली पाहिजेत आणि मग सर्व्हर बंद झाला पाहिजे. वीज परत दिल्यावर सर्व्हर, सेवा, जाळे आणि यंत्रे एकापाठोपाठ आपोआप उभी राहिली पाहिजेत आणि काउंटरवरून एक बिल निघाले पाहिजे. दुसरी परीक्षा प्रतीची. दर तीन महिन्यांनी घरी ठेवलेली प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवून उधारीची यादी उघडते का ते पाहावे.

या दोन परीक्षांत सर्व्हर उतरला, तर मालकाने खुशाल आपल्या व्यापाराकडे लक्ष द्यावे. उतरला नाही, तर हंगाम सुरू होण्याआधी समजले हाच फायदा. दुरुस्ती करून घ्यावी आणि परीक्षा पुन्हा घ्यावी.